प्रादेशिक मिजेट शर्यतमालिका: खुले इंजिन की सीलबंद इंजिन?
अमेरिकेत १९३०च्या दशकात रुजलेली मिजेट ही शर्यतीची कार आकाराने लहान असली, तरी खर्चाने लहान नाही. सुमारे ४०० किलोच्या या गाडीला मिथेनॉलवर चालणारे, ३००हून अधिक अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन लागते आणि प्रादेशिक मालिका तगते की नाही, हे बहुधा त्या इंजिनावरच ठरते. खुल्या नियमांत खास शर्यतीसाठी घडवलेले इंजिन ठरावीक फेऱ्यांनंतर उघडून नव्याने बांधावे लागते आणि ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे वेग, अशी स्थिती होते. बक्षिसातून हा खर्च भरून निघेल, अशी आशा हौशी चालकाने धरू नये. सीलबंद, म्हणजे संघांना उघडून फेरफार करता येणार नाहीत अशा इंजिनाचा प्रयोग यूसॅक या अमेरिकी शर्यत संघटनेने फोर्ड फोकसच्या २ लिटर इंजिनावर केला होता. त्यात शक्ती बरीच कमी, पण इंजिन टिकाऊ आणि खर्चाच्या चढाओढीला लगाम. अर्थात टायर, प्रवास आणि अपघातानंतरची दुरुस्ती दोन्हीकडे चुकत नाही. शिवाय कंपनीने ते इंजिन बनवणे थांबवले की सुट्या भागांची अडचण सुरू होते. तरीही माझा कल सीलबंद इंजिनाकडेच आहे, कारण खर्चामुळे गाड्यांची संख्या रोडावली, तर ट्रॅक चालवणारा कोणीही अशी शर्यत फार काळ भरवत नाही.