निळ्या भोकाचा फोटो आणि २२ हजारांचं कार्ड

सोलापूरच्या माणसाला समुद्राचं वेड लागावं, यातच अर्धा विनोद आहे. आमच्याकडे उजनीचं पाणी नळाला येतं तेही दिवसाआड आलं तर नशीब. तरी लागलं खरं, तेही स्कूबा डायव्हिंगचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायचं.

बाजारातल्या एका जिन्यावर टूरवाल्याचं ऑफिस होतं. भिंतीवर मोठा फोटो: फिकट निळ्या समुद्रात गडद निळं गोल भोक, भोवती प्रवाळाचं कडं. "अंदमानातलंच आहे की ओ सर. आधी लायसन्स काढा, मग थेट यातच उतरवतो." कोर्स आणि तिथल्या दोन डाइव्ह मिळून २२ हजार, रोख. पावती मागितली तर म्हणाला, "आपल्या माणसात कशाला ओ?" आणि मी गप्प बसलो.

कोर्स म्हणजे तरणतलावात दोन तास. पाठीवर सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा ओढायचं तोंडातलं यंत्र. एक गोष्ट तेव्हा दिसली होती, कळली नव्हती: टाकीतली हवा किती उरली ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा तासभर १०० बारवरून (बार म्हणजे दाबाचं माप) हललाच नाही. मला वाटलं, भारीच टाकी आहे! आठवड्याने लॅमिनेशन केलेलं कार्ड आलं.

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर डाइव्ह सेंटरच्या मुलीने कार्डाचा नंबर तपासला. अशी नोंदच नव्हती. आमच्या नावाचं बुकिंगही नव्हतं. तिने विचारलं, खुल्या पाण्यातल्या चार डाइव्ह कुठे केल्या? ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा पहिला परवाना, त्यांच्याशिवाय पुराच होत नाही म्हणे. मी काय सांगणार, सिद्धेश्वर तलावात?

फोटो दाखवल्यावर तर ती हसलीच. ते भोक मध्य अमेरिकेतल्या बेलीझचं, ग्रेट ब्लू होल. रुंदी सुमारे ३०० मीटर, खोली १२० मीटरहून जास्त. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हाची ती चुनखडीची कोरडी गुहा. पुढे छत कोसळलं, पाणी भरलं. आत लोंबणारे चुनखडीचे सुळके बघायला लोक साधारण ४० मीटरपर्यंत जातात. खरं ओपन वॉटर कार्ड असतं तरी मर्यादा १८ मीटरची. ४० मीटरवर श्वासातल्या नायट्रोजनची झिंग चढते, हवा झपाट्याने संपते. त्या कार्डाच्या जोरावर कुणी मला खरंच खोल नेलं असतं तर?

शेवटी वेगळे पैसे भरून नवशिक्यांची डाइव्ह केली, १२ मीटरच्या आत, प्रशिक्षकाने टाकी धरलेली. काटा २०० बारवरून सरसर उतरताना पाहिला आणि तरणतलावातला तो १०० आठवला. म्हणजे ते मीटरच बंद होतं! पोटात गोळा आला. मासे सुंदर होते, पण नजर काट्यावरच.

तुम्ही शिकणार असाल तर सेंटर मान्यताप्राप्त आहे का ते पॅडी किंवा एसएसआय या डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. पहिल्याच दिवशी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतली नाही, तर तिथूनच उठा. दमा असूनही मला कुणी विचारलं नव्हतं.

ऑफिसला आता कुलूप आहे. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. पुरावा म्हणून जोडायला पावती नव्हती, ते कार्डच जोडलं.