बारीक पॅनलवर कोणता मेन्यू: ॲप्लिकेशन्स की व्हिस्कर?

एक्सएफसीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचं पॅनल, म्हणजे पडद्याच्या कडेची पट्टी, २४ पिक्सेलच्या आसपास आणलं की मेन्यूच्या बटणाची रया जाते. आयकॉन धूसर होतो, शीर्षकाचे उकार छाटले जातात, उघडलेल्या मेन्यूत नावं अर्धवट दिसतात. प्रोग्रॅम उघडायला पॅनलवर दोन मेन्यू बसवता येतात: साधा ॲप्लिकेशन्स आणि शोधाची सोय असलेला व्हिस्कर. मग ॲप्लिकेशन्स मेन्यू काढून व्हिस्कर मेन्यू बसवायचा मोह होतो, किंवा उलट. पण यातले बटणावरचे दोष मेन्यू बदलून जात नाहीत, ते दोन्हींत सारखेच आहेत.

आयकॉनचंच घ्या. थीममधली चित्रं १६, २२, २४, ३२, ४८ अशा ठरावीक मापांवर आखलेली असतात. आयकॉनचं माप त्यांत बसलं नाही, समजा १९ किंवा २१ पिक्सेल निघालं, तर चित्र ताणलं किंवा आवळलं जातं आणि एका पिक्सेलची रेघ दोन पिक्सेलांवर फिकट पसरते. एसव्हीजी, म्हणजे कुठल्याही मापाला वाढवता येणारा आयकॉन, असला तरी सुटका नाही. पॅनल प्रेफरन्सेसच्या अपिअरन्स टॅबवर आयकॉनचा आपोआप ठरणारा आकार बंद करून १६ घाला आणि डिस्प्ले टॅबवर रो साइझ, म्हणजे पॅनलची जाडी, २६ ठेवा. दोन्ही आकडे सम असल्याने वर-खाली बरोबर पाच-पाच पिक्सेल उरतात.

शीर्षकाचं दुखणं देवनागरीत जास्त. ९६ डीपीआयवर (म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल धरून) १० पॉइंटचा फॉन्ट म्हणजे साधारण १३ पिक्सेल, पण वर वेलांटी आणि खाली उकार धरला की ओळ त्याहून बरीच उंच होते, शिवाय थीमचं पॅडिंग. डीपीआय १२० केलात तर अक्षरं वाढतात, पॅनल मात्र तेवढंच राहतं. एवढ्या बारीक पॅनलवर शीर्षक काढून टाकावं हे बरं. ॲप्लिकेशन्समध्ये ‘शो बटन टायटल’ची खूण काढा, व्हिस्करमध्ये डिस्प्लेपुढे फक्त आयकॉन निवडा.

खरा फरक मेन्यू उघडल्यावर दिसतो. ॲप्लिकेशन्स मेन्यू सर्वांत लांब नावाएवढा रुंद होतो, त्यामुळे तिथे नाव सहसा तुटत नाही. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर प्रोग्रॅमांचा गच्च भरलेला वर्ग उघडला तर मात्र वर-खाली बाण येतात आणि त्यांवर माउस धरून थांबावं लागतं. वैताग आहे.

व्हिस्करची खिडकी तुम्ही ओढाल तेवढीच. ती अरुंद केली की वर्गांची पट्टी आपली जागा सोडत नाही, चेपली जाते ती ॲप्सची यादी आणि नावांपुढे तीन टिंबं येतात. वर्गांची नावं बंद करून नुसते आयकॉन ठेवा, ॲप्सच्या नावाखालचं वर्णन काढा, आयकॉन ‘व्हेरी स्मॉल’ करा, म्हणजे १६ पिक्सेल. वर्णन गेल्याने रांगेची उंची लक्षणीय घटते.

शोध फक्त व्हिस्करमध्ये आहे. मराठी इंटरफेसवर काम करताना तो प्रोग्रॅमच्या कमांडवरूनही शोधतो, म्हणजे कीबोर्ड रोमनच असला तरी अडत नाही. एवढ्यासाठी लहान पडद्यावर आम्ही व्हिस्कर सुचवू. मोजकेच दहा-पंधरा प्रोग्रॅम असतील आणि नुसत्या माउसने चालत असेल, तर ॲप्लिकेशन्स मेन्यू पुरे. त्यात जुळवाजुळव जवळपास नाहीच.

व्हिस्करची पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटिंग, म्हणजे खिडक्यांना पारदर्शकता देणारी सोय, चालू असावी लागते. ती बंद असताना गोल कोपऱ्यांच्या थीममध्ये कोपऱ्यांत काळे ठिपके दिसू शकतात, दोन्ही मेन्यूंत.