फोनिक्सचा संच, सात गुजराती मुलं आणि नऊ महिने

बडोद्यात माझ्याकडे संध्याकाळी सात मुलं शिकायला येतात. वय पाच ते आठ, सगळ्यांच्या घरी गुजराती, आणि मी त्यांची 'बेन'. गेल्या जूनमध्ये इंग्रजी फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या नावांऐवजी त्यांच्या ध्वनींवरून वाचायला शिकवण्याचा, एक तयार संच मागवला: ध्वनींची कार्डं, भिंतीवरचा तक्ता, छोट्या वाचनपुस्तिका आणि उच्चार ऐकायला मोबाइल ॲप. किंमत अडीच हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा बहुतेक संचांचा साचा एकच असतो.

आधी चांगलं सांगते. सुरुवात ए-बी-सी-डीने नाही, तर एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी होते. तेवढ्यात सॅट, पिन, टॅप, नॅप असे ढीगभर शब्द जुळतात. वर्षभर 'ए फॉर ॲपल' घोकलेल्या मुलाने तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून 'टिन' वाचला, तिथे माझे पैसे वसूल झाले.

पहिली अडचण 'अ'ची आली. आपल्या लिपीसारखंच गुजराती लिपीतही प्रत्येक व्यंजनात अ दडलेला. ॲप स्वच्छ 'ट्' म्हणतं, मूल ऐकतं 'ट'. मग 'कॅट' वाचताना क, ॲ, ट असे तीन तुकडे सुटे राहतात, जुळतच नाहीत. संचात यावर एवढीच सूचना की ध्वनी आखूड उच्चारा. ते मुलांना कसं कळणार? मी पाटीवर क चा पाय मोडून दाखवला. गुजरातीत या खुणेला 'खोडो' म्हणतात, आणि डोक्यातल्या कोंड्यालाही खोडोच! दहा मिनिटं नुसता हशा. पण 'खोडावाळो क' तेव्हापासून वर्गाचा शब्द झाला, आणि गुजराती वाचता येणाऱ्या चौघांचं घोडं पंधरा दिवसांत गंगेत न्हालं. लिपी न येणाऱ्या धाकट्यांना मात्र दिवाळी उजाडली.

खरा घोळ स्वरांत. स्नॅक्सचं 'स्नेक्स' आणि हॉलचं 'होल' होण्यावरचे विनोद सगळ्यांना पाठ आहेत, मीही हसायचे. शिकवायला बसल्यावर वाटू लागलं की दोष जिभेचा कमी, पाट्यांचा जास्त. मराठीत आपण बँक, कॉलेज, हॉस्पिटल यांवर चंद्र काढतोच. गुजरातीतही ती सोय आहे, पण छापताना सर्रास गाळतात: कोलेज, होस्पिटल. मूल लिहिलेलं वाचतं, आणि तसंच बोलतं. गंमत म्हणजे उघडा ओ गुजरातीला परका नाहीच. खायचा गूळ आणि वाटोळं, दोन्ही 'गोळ' असेच लिहितात, पण एकातला ओ मिटलेला, दुसऱ्यातला उघडा. निदान आमच्याकडची मुलं त्यात चुकत नाहीत. 'डॉग'च्या वेळी मी दोन्ही गोळ म्हणायला लावले, तर एक मुलगी ओरडली, "बेन, आ तो गोळ जेवुं!" (जेवुं म्हणजे सारखं; जेवणाचा संबंध नाही.) मग 'ॲ'साठी मला मारलेली हाकच कामी आली. 'बेन'मधला ए चांगला पसरट असतो. तो हुबेहूब 'ॲ' नाही, पण 'स्नेक'मधल्या ए पेक्षा कितीतरी जवळचा. संचात यातलं काही नाही, असण्याची अपेक्षाही नव्हती.

ऱ्हस्व 'इ' आणि दीर्घ 'ई'चं मात्र मला अजून जमलेलं नाही. गुजराती बोलण्यात हा भेद उरलेलाच नाही. 1999 साली गुजरातमधल्या उंझा गावी परिषद भरवून एकच ई आणि एकच उ ठेवणारी 'ऊंझा जोडणी' (जोडणी म्हणजे शुद्धलेखन) मांडली गेली, ती काही उगाच नाही. संचात 'शिप'चा स्वर पहिल्या महिन्यात येतो आणि 'शीप'चा चौथ्यात. कानाला दोन्ही एकच वाटत असतील, तर हे अंतर घातक. मी क्रम मोडला आणि दोन्ही शेजारी ठेवले. दीर्घासाठी रबर ताणायचा, ऱ्हस्वासाठी सोडायचा. लिहिताना आता चुका कमी होतात, बोलताना चौघं अजूनही मेंढीत बसून समुद्र ओलांडतात.

झेड सोपा जाईल असं वाटलं होतं, कारण आपल्याकडे 'जरा'चा ज वेगळा आणि 'जीव'चा वेगळा. त्यांच्याकडे ती सोय नाही. इथे संचातलं गुणगुणणाऱ्या मधमाशीचं कार्ड खरंच उपयोगी पडलं. व्ही आणि डब्ल्यूमध्ये तर मीच नापास, ते ॲपवर सोडून दिलं.

बाकी कार्डांनी वैताग आणला. डुकराचं चित्र दिसलं की मुलं 'भूंड' म्हणणार, घरटं दिसलं की 'माळो'. पी आणि एन राहतात बाजूला. इग्लू कोणालाच ओळखता आला नाही. शेवटी चित्रांवर कोरे कागद चिकटवले. ॲपमधली बाई भरभर बोलते, आणि तिची वार्षिक वर्गणी वेगळी भरावी लागते हे खोक्यावर कुठेही नव्हतं.

मेमध्ये ती वर्गणी संपेल, पुन्हा भरणार नाही. पुस्तिकांच्या पिना दिवाळीतच निखळल्या होत्या, त्या मी दोऱ्याने शिवल्या. नव्या तीन मुलांसाठी नुसत्या पुस्तिका मिळतील का विचारलं, तर म्हणे पूर्ण संचच घ्यावा लागेल.