वनलूक : अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधण्याची सोय

छापील शब्दकोशात शब्द शोधायचा तर त्याची सुरुवातीची अक्षरे ठाऊक असावी लागतात. मधले एखादे अक्षर किंवा शेवटची दोन अक्षरे तेवढी माहीत असतील, तर कोश कितीही मोठा असला तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. ही अडचण दूर करणारी अनेक संकेतस्थळे आज उपलब्ध आहेत, पण त्यांतली बहुतेक ‘अमुक अक्षरे असलेले शब्द’ अशी एक लांबलचक यादी समोर ठेवून थांबतात. १९९६ पासून चालू असलेले वनलूक मला या सगळ्यांत उजवे वाटते, कारण तिथे आपल्याला नेमके काय हवे आहे ते काटेकोरपणे सांगता येते. त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही की खाते उघडावे लागत नाही.

वनलूक हा स्वतः शब्दकोश नाही. अनेक कोशांतील नोंदींचा एकत्रित शोध घेणारी ती सेवा आहे. शोधाच्या चौकटीत शब्दाऐवजी शब्दाचा साचा लिहिता येतो. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि तारकाचिन्ह म्हणजे कितीही अक्षरे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. तारका, दोन वेळा यू आणि पुन्हा तारका असे लिहिले की व्हॅक्यूम, कंटिन्यूअम असे जोडीने यू असलेले शब्द हाती लागतात. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर याच क्रमाने लिहून त्यांच्या आगेमागे आणि मध्ये तारका दिल्या, तर फसीशस आणि अ‍ॅब्स्टीमियस हे शब्दप्रेमींचे लाडके शब्द समोर येतात. साच्याच्या शेवटी उणे चिन्ह देऊन काही अक्षरे लिहिली की ती असलेले शब्द वगळले जातात; एस, टी, पुढे तीन प्रश्नचिन्हे आणि उण्यानंतर ए व ई असे दिले, तर स्टोरी, स्टिक, स्टॉर्म राहतात आणि स्टार्ट, स्टील गळतात.

या सेवेचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे अंग मात्र वेगळे आहे. साच्यापुढे अपूर्णविराम देऊन अर्थ सुचवणारा शब्द लिहिता येतो आणि मग अक्षरांची अट व अर्थाची अट एकाच वेळी लागू होते. शब्दकोड्यात सात घरे आहेत, दुसऱ्या घरात ई आणि पाचव्या घरात सी पक्के झाले आहेत आणि सूचना पक्ष्याची आहे, असे समजा. केवळ अक्षरांच्या आधारे शोधले तर पक्ष्यांशी काहीही संबंध नसलेल्या शब्दांची मोठी रांग उभी राहते. त्याच साच्यापुढे ‘बर्ड’ जोडले की पेलिकनपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. अक्षरे जुळणाऱ्या शब्दांतून अर्थ जुळणारा शब्द निवडण्याचे काम एरवी आपल्यालाच करावे लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो.

शिक्षकांनी तर या सोयीकडे आवर्जून पाहावे. हॅश चिन्ह व्यंजनासाठी आणि अ‍ॅट चिन्ह स्वरासाठी आहे, त्यामुळे हॅश, अ‍ॅट, हॅश एवढ्या तीन खुणांतून कॅट, पेन, डॉग यांसारखे वाचनाच्या पहिल्या पायरीवरचे तीन अक्षरी शब्द मिळतात. ही यादी जशीच्या तशी मुलांपुढे ठेवू नये. शोध लिखित अक्षरांचा असतो, उच्चाराचा नसतो, म्हणून शेवटच्या डब्ल्यूचा स्वतंत्र उच्चार न होणारा ‘काउ’ही त्याच साच्यात बसतो, शिवाय इथे वायची गणना स्वरांत होत असल्याने ‘जिम’सुद्धा येतो. उलट, ओ-यू-जी-एच या अक्षरांनी संपणारे शब्द मागितले, तर दो, थ्रू, कफ, टफ हे एका स्पेलिंगचे चार शब्द एकत्र मिळतात. इंग्रजी स्पेलिंगचा लहरीपणा मुलांना समजावून सांगायला याहून चांगली सामग्री मला माहीत नाही.

अक्षरांची उलटापालट करून शब्द हवे असतील तर अक्षरांआधी दोन तिरक्या रेघा द्याव्या लागतात. ट्रायँगल या शब्दाच्या आठ अक्षरांतून इंटिग्रल आणि रिलेटिंग निघतात. अधिक चिन्हाच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवे. ‘दिलेल्या अक्षरांपलीकडचे अक्षर नको’ एवढाच त्याचा अर्थ आहे, दिलेले अक्षर किती वेळा यावे यावर त्याचे बंधन नाही. ई, एन, टी या तीन अक्षरांवर शोध मर्यादित केला तर टेन आणि नेटबरोबर टेंट आणि टेनेटही येतात. अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द बनवण्याच्या स्क्रॅबल या खेळात हातात टीची एकच सोंगटी असेल तर यांचा काही उपयोग नाही. त्यातच अनेक कोश एकत्र शोधले जात असल्यामुळे विशेषनामे, लघुरूपे आणि फार विरळ शब्दही निकालांत येऊ शकतात, तेव्हा एखादा शब्द स्क्रॅबलमध्ये चालतो की नाही, याचा निवाडा त्या खेळाच्या अधिकृत शब्दसूचीवरूनच करावा.

न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये विकत घेतलेल्या वर्डल या पाच अक्षरी शब्द ओळखण्याच्या खेळासाठी स्वल्पविरामाची सोय उपयोगी आहे, कारण तिने दोन साचे जोडता येतात. तिसरे अक्षर ए असलेला पाच अक्षरी साचा आणि कुठेही आर असलेला दुसरा साचा जोडला, तर ग्रँड, क्रँक, बोर्ड, रोच असे शब्द मिळतात. पण वर्डलमध्ये ‘आर आहे, पण दुसऱ्या जागी नाही’ अशीही माहिती हाती येते आणि एखादे अक्षर फक्त एका जागेपुरते वगळण्यासाठी या चिन्हांत वेगळी खूण नाही. अशा वेळी ग्रँड आणि क्रँक आपणच यादीतून खोडायचे. अर्थाची अट जोडण्यासारखी अवघड गोष्ट इतकी सोपी करून देणाऱ्या सेवेने एवढी एक खूण आणखी द्यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.