लोखंडी नाल की खुराचा बूट?
कॅलिफोर्नियातली टेविस कप ही घोड्यांची शर्यत १९५५ पासूनची. १०० मैल, २४ तास. वाटेत सिएरा नेवाडाचा कातळ, खोल दऱ्या, नदी.

नाल खिळ्यांनी पक्की बसते, चिखलपाण्याला दाद देत नाही. पण गुळगुळीत कातळावर लोखंड घसरतं आणि तळवा उघडाच राहतो. नाल निखळली तर खिळ्यांसोबत खुराची कडही तुटून येऊ शकते.

बूट तळवा झाकतो, रबर कातळावर पकड घेतं. माप मात्र नेमकंच हवं. सैल बुटात वाळू शिरते, टाचेवरची कातडी सोलते. नदी ओलांडली की खाली उतरा, बुटाच्या कडेत बोट घालून बघाच.

माझा कौल बुटालाच, पण सरावाच्या फेऱ्यांत तो घोड्याच्या अंगवळणी पडला असेल तरच. नाहीतर सरळ नालबंद गाठा, तोही शर्यतीच्या आदल्या दिवशी नको.