फियाट वर, जीप खाली: घरच्या शेडमधली चार खांबी लिफ्ट, दोन पावसाळे वापरून

सांगलीत विश्रामबागेत घरामागं माझी पत्र्याची शेड आहे, 18 बाय 30 फूट. तीत तीन गाड्या: 1969 ची फियाट 1100, मार्क टू ॲम्बॅसडर आणि महिंद्राची सीजे थ्री बी जीप. तिन्हींतली एकही चालत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण एक गाडी वर उचलून तिच्याखाली दुसरी लावायची लिफ्ट घेतली, ती विकणाऱ्यानं फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता आणि मी "चालतात, थोडं काम आहे" म्हणून बसलो. पुढचा निम्मा त्रास या एका वाक्यानं झाला.

लिफ्ट घ्यायचं कारण साधं. मधली गाडी काढायची तर पुढची आधी गल्लीत ढकलायची. ती गल्लीत गेली की समोरच्या काकांची स्कूटर अडकते. काका काही बोलत नाहीत, नुसते गॅलरीत येऊन उभे राहतात. रविवारी हाताशी दोन तास असले तर एक तास ढकलाढकलीत जायचा. शिवाय सुटी केलेली गाडी उभ्या गाडीच्या दीडपट जागा खाते, हे कुणी आधी सांगत नाही. दारं, बॉनेट, सीटा, काचा, डिकीचं झाकण, सगळं कुठंतरी टेकवावं लागतं. जिथं टेकवाल तिथंच उद्या पान्हा घेऊन बसायचं असतं.

आमच्याकडं माल साठवायचा म्हणजे खाली साठवायचा. जवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे, 2005 च्या पुरात त्यांत पाणी शिरलं. माझी ॲम्बॅसडर 2019 च्या पुरात गावभागातल्या जुन्या घरी होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. गाडीचं छत तेवढं दिसत होतं. अजूनही दाराखालच्या सिलच्या पोकळीत स्क्रूड्रायव्हर घातला की वाळलेला गाळ भुगा होऊन पडतो. त्यामुळं गाडी वर ठेवायची कल्पना मला जरा जास्तच पटली.

तर लिफ्ट. चार खांब, मध्ये गाडीची चाकं टेकायच्या दोन पट्ट्या, एकच हायड्रॉलिक सिलिंडर आणि त्यावरून चारी कोपऱ्यांना गेलेले वायर रोप. मोटार सिंगल फेज. माझा धंदा मोटारींच्या रिवाइंडिंगचा, त्यामुळं मोटार आली त्याच रात्री उघडून पाहिली. वाइंडिंग तांब्याचं निघालं. वॉरंटीचं स्टिकर फाटलं ते फाटलंच. चार खांबी असल्यामुळं वजन चार ठिकाणी वाटलं जातं, जुन्या कोब्यावर चालून गेलं. दोन खांबी घेतली असती तर फरशी फोडून जाड काँक्रीट ओतावं लागलं असतं. बसवणूक, वाहतूक धरून पावणेतीन लाख पडले. हिला दोन सांगितलेत.

वर जाताना दर चार इंचाला खटका पडतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा कटकट आवाज येतो. उंची झाली की पट्ट्या थोड्या खाली सोडून त्या खटक्यांवर टेकवायच्या. रोपवर गाडी लटकत ठेवायची नाही, हे बसवणाऱ्या पोरानं तीनदा बजावलं आणि ते खरंच आहे. त्याची दुसरी बाजू मात्र त्यानं सांगितली नाही. खाली आणायची तर आधी इंचभर वर उचलून खटके सोडवावे लागतात, म्हणजे लाइट नसेल तर गाडी वरच. सुरक्षित आहे, पण वरच.

आता माझी चूक. उंची मी पत्र्याच्या माथ्यापर्यंत मोजली, चौदा फूट. छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीचा खालचा दांडा साडेदहा फुटांवर आहे, तो मोजायचा राहिला. फियाटची उंची चार फूट दहा इंच, लिफ्टच्या पट्टीची जाडी पाच इंच, म्हणजे खाली उरले पाच फूट तीन. ॲम्बॅसडर नेमकी पाच फूट तीन! त्यात खटके चार-चार इंचांचे, त्यामुळं हातात तेवढेही येत नाहीत. शेवटी जीपचा टप उतरवला, पुढची काच बॉनेटवर पालथी घातली आणि ती आत सारली. ही सोय त्या जीपमध्ये मुळातच आहे म्हणून वाचलो. ॲम्बॅसडर शेजारी, चाकांखालच्या चार ट्रॉल्यांवर. या ट्रॉल्या जोडीला घेतल्या होत्या आणि खरं सांगायचं तर पैशाच्या मानानं लिफ्टपेक्षा त्याच जास्त कामाच्या निघाल्या. गाडी आडवी सरकते, एकटा माणूस भिंतीला लावतो. फक्त कोबा गुळगुळीत हवा, खडा आला की चाक अडलंच.

न चालणारी फियाट वर चढवणं ही वेगळी कथा. रॅम्प चढाचे, इंजिन बाहेर काढलेलं, मागचे ब्रेक जाम. दुकानातली पोरं, भाचा आणि गॅलरीतून उतरलेले काका मिळून सात जण लागले, तरी पुढची चाकं निम्म्यात थांबली. मग पलीकडच्या खांबाला चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, बांधून ओढली. ज्यांच्या गाड्या बंद आहेत त्यांनी गाडी ओढायची विंच सांगूनच घ्यावी. फियाटच्या गिअरबॉक्सचं तेल जीपच्या सीटवर ठिबकलं, तेव्हा कळलं की सोबत आलेले प्लॅस्टिकचे ट्रे शोभेचे नाहीत.

पहिल्या महिन्यात रोप ताणले गेले आणि मागचा डावा कोपरा बोटभर खाली आला. नवीन रोप ताणतात, त्यात वावगं नाही. पण कंपनीचा माणूस एकदा आला, दुसऱ्यांदा येण्या-जाण्याचे पैसे मागायला लागला. करारात दोन व्हिजिटा लिहिल्या होत्या. नाद सोडला आणि लेव्हलची बाटली लावून नट मीच आवळले. पंपाचा डबा त्यांनी खांबाच्या बुडाशी लावला होता, तोही छातीइतक्या उंचीवर घेतला. आमच्या गल्लीत पाणी येत नाही, पण सांगलीत राहून मोटार जमिनीलगत ठेवायची हिंमत होत नाही.

सुट्या भागांना लिफ्टचा काडीचा उपयोग नाही. दारं भिंतीवर टांगली, नटबोल्ट भडंगाच्या रिकाम्या बरण्यांत, वर मार्करनं "फियाट, डावं दार". वरच्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं, पहिल्याच पावसाळ्यात आतून घाम फुटून छतावर तांबूस ठिपके आले. आता जुन्या सुती चादरी घालतो. आणि ज्या गाडीवर काम चालू आहे ती वर ठेवू नका. वर ती, जिचे पार्ट यायचे आहेत.

पाचपैकी साडेतीन. यंत्राला चार, विक्रीनंतरच्या सेवेला दोन, बाकी हिशेब माझ्या मोजमापामुळं बिघडला. कैची दीड फूट वर घ्यायचे फॅब्रिकेटर साठ हजार सांगतोय. तासगावच्या मेव्हण्याच्या बेदाण्याच्या शेडमध्ये एक स्टँडर्ड हेरल्ड पडून आहे, तिची उंची मोजून कळव म्हणून त्याला निरोप धाडलाय.