डोकं शांत करायच्या तीन पद्धती: लागवडीपासून वेचणीपर्यंत रोज वापरून

कपाशीच्या लागवडीपासून वेचणीपर्यंत या पद्धती रोज वापरल्यावर माझं ठाम मत असं की क्रम चुकला तर तिन्ही फसतात. आधी कागद, मग श्वास, शेवटी शब्द.

कागद संध्याकाळी, जेवणाआधी, १५ मिनिटं. खाटेवर बसून नको. जे घोळतंय ते लिहायचं आणि समोर नेमकं पुढचं काम. ‘कर्जाचं बघणे’ लिहिलं तर रात्री ते पुन्हा डोकं वर काढतं. ‘मंगळवारी सातबारा घेऊन सोसायटीत जाणे’ लिहिलं की मन त्याला सोडतं. पाऊस, भाव आपल्या हातात नाहीत, त्यांपुढे फक्त रेघ. तरी रात्री विचार आलाच तर ‘उद्या संध्याकाळी’ म्हणायचं, त्याला हाकलायचं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं, तर अस्वल येतच राहिलं. तिघांत सगळ्यात जास्त फरक या कागदानेच पडतो.

श्वास नाकाने, ४ मोजेपर्यंत आत, ६ पर्यंत बाहेर, पाच मिनिटं. सोडताना ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब. जोर लावून भराभर खोल श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं की मोजणं थांबवा.

शब्दांची पद्धत कॅनडातले संशोधक ल्यूक बोद्वाँ यांची. झोपायला पडल्यावर एक शब्द घ्या, समजा नंदुरबार. ‘न’वरून नारळ, नथ, नांगर, प्रत्येक वस्तू पाच-सात सेकंद डोळ्यांपुढे आणा. मग ‘द’: दिवा, दोरी, दगड. वस्तूंची गोष्ट जुळवू नका. जुळली की डोकं पुन्हा कामाला लागतं. मराठीत एक अडचण आहे: ‘ळ’ आणि ‘ण’ने शब्द सुरू होत नाहीत, त्यामुळे जळगाव, भुसावळ, अमळनेर इथे अडतात. आणि ‘क’ आला तर कापूस, केळी वगळाच. त्यामागून भाव, विमा, करपा रोग सगळं येतं. कढई, कंदील, कुलूप चालतात.

झोप, भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल तर यावर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर बोला.

एक अपवाद: शेतीची वीज रात्रीची असते त्या आठवड्यात मोटर सुरू करून परत आल्यावर वही उघडू नका, थेट शब्दांपासून सुरू करा.